मागं कोण हाय?

जुनं कोल्हापूर अंबाबाईच्या देवळाभोवती वाढलं, म्हणून त्याच्या गल्ल्या वेड्यावाकड्या. शाहूपुरी तशी नाही. ती आखून वसवलेली पेठ. गल्ल्या सरळ, एकमेकींना काटकोनात भेटणाऱ्या, आणि नावं ठेवत बसायलाही कुणाला सवड नव्हती असं दिसतं : पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. परगावचा पाहुणा इथे पत्ता चुकत नाही. जुन्या पेठेतली मंडळी मात्र अजून नाक मुरडतात, ‘तुमच्या शाहूपुरीत काय, सगळा हिशोबच!’

हिशोब होताच. १८९१ साली मिरजेहून आगगाडी आली ती गावाबाहेर, माळावर येऊन थांबली. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांना वीस वर्षंही पुरी झालेली नव्हती. पुढच्याच वर्षी, १८९५ साली, त्यांनी स्टेशनाजवळ गुळाची पेठ वसवली. आमच्या घरात ही गोष्ट अशी सांगत : महाराज घोड्यावरून आले, चाबकाच्या दांडीनं मातीत रेघ ओढली आणि म्हणाले, ‘इथं पेठ.’ खरं-खोटं कोण जाणे. ज्या गावात राजा होऊन गेला, त्या प्रत्येक गावात अशी एक रेघ असतेच. पण रेघ ओढणं सोपं. मोकळ्या माळावर येऊन गादी टाकणारे, गोदामं बांधणारे आणि ‘माल येईल’ या भरवशावर बसून राहणारे व्यापारी मिळवणं अवघड. त्यासाठी महाराजांनी सवलतीनं जागा दिल्या, बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावणं धाडलं. गुजराती आले, मारवाडी आले, लिंगायत वाणी आले. आणि पेठ जेमतेम उभी राहतेय तोवर १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्याच्या पाठोपाठ प्लेग. ज्यानं त्या वर्षी शाहूपुरीत गोदाम बांधलं, त्याला लोकांनी खुळाच म्हटलं असणार.

आमचे पणजोबा या गोष्टीत शिरतात ते गाडीवान म्हणून. भुदरगडाकडून गुळाच्या गाड्या घेऊन ते शाहूपुरीत यायचे. रात्रभर चाल, पहाटे पेठेत, बैल सोडायचे, रवे उतरवायचे. गुळाच्या ढेपेला आम्ही रवा म्हणतो. पुढे तो तीस किलोचा झाला, पण गाडीवानाच्या पाठीला किलो नि शेर सारखेच. आजोबांना गाडी हाकायची नव्हती. चार इयत्ता झाल्या होत्या, अक्षर मोत्यासारखं होतं. १९३० नंतरच्या मंदीत, गुळाचे भाव पार मातीत गेले होते तेव्हा, ते एका अडत दुकानात पोऱ्या म्हणून चिकटले आणि दिवाणजी होऊन निवृत्त झाले. रोजमेळ, खतावणी, जमा-नावे. त्यांच्या धोतराला शाईचा आणि गुळाचा असा मिळून एक वास येई, तो मला अजून ओळखता येईल.

गूळ हा धंदाच मुळात जिवावरचा आहे, असं आजोबा म्हणत. लहानपणी मला ते पटत नसे. गूळ तर गोड. मग एका थंडीत ते मला कागल तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेले.

घाण्यातून रस येतो, काहिलीत पडतो. काहील म्हणजे चुलवाणावर बसवलेली लोखंडी परात, एवढी मोठी की तिच्यात माझ्यासारखी चार पोरं बसली असती. खाली जळव्या बसलेला. त्याचं काम एकच, चुलवाणाच्या तोंडात वाळलेली चिपाडं सारत राहणं. जाळ कमी नाही, जास्त नाही. रस तापला की वर काळसर मळी येते. रानभेंडीचं बुळबुळीत पाणी सोडायचं, की तिला धरून सगळी घाण वर गोळा होते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. मग रस पिवळा होतो, मग सोनेरी, मग त्याला असे फुगे यायला लागतात की सगळी काहील श्वास घेतेय असं वाटतं. आणि इथून पुढे सगळं एका माणसाच्या हातात : गुळव्या. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळतो, बघतो. बोलत नाही. घटकाभर आधी उतरवलं तर गूळ चिकट, बसतच नाही. घटकाभर उशीर झाला तर करपला, रंग गेला. एका आदणात किती ऊस, किती पाणी, किती महिन्यांची राबणूक, आणि निकाल त्या गोळीवर. त्यानं हात वर केला की चौघं जण धावतात, काहील कलंडते, पाक वाफ्यात पसरतो, आणि मग त्याला घोटत घोटत बादल्यांत भरायचं.

‘आता बघ,’ आजोबा म्हणाले, ‘हे सगळं नीट झालं, तरी गाडी पेठेत पोचली, वर पाऊस आला, की गूळ घामेजला. घामेजला की भाव निम्मा. गोदामात ठेवला तर श्रावणात पाघळतो. विकला तर उद्या भाव चढतो. न्हाई विकला तर उतरतो. शेतकऱ्याची जोखीम, गुळव्याची जोखीम, अडत्याची जोखीम, गुजरातेतनं माल घेणाऱ्याची जोखीम. मग कुणी जगायचं तरी कसं?’

मी म्हटलं, कसं?

‘मागं कोण हाय, ते बघून.’

हे त्यांचं वाक्य नव्हतं, पेठेचं होतं. हंगामाआधी शेतकरी उचल मागायला यायचा. लागण झाली, खत घालायचं आहे, घरात लग्न आहे. शेठ गादीवरून विचारायचा, ‘मागं कोण हाय?’ म्हणजे जामीन कोण. जामीन असेल तर उचल मिळे आणि मग माल त्याच अडतीवर आणायचा, हे न बोलता ठरलेलं. जुन्या काळी भावही उघड नसे. पंचाखाली बोटं धरून सौदा व्हायचा, शेतकरी बाजूला उभा राहून दोघांच्या चेहऱ्याकडे बघत राही. पुढे बाजार समितीचा कायदा आला, सौदे उघड बोलीनं होऊ लागले. आजोबा याबाबतीत पक्के दिवाणजी होते. ‘उचल हा आधार बी हाय आन् दावं बी हाय,’ एवढंच म्हणायचे आणि पुढचं बोलायचे नाहीत.

त्यांची एक आवडती गोष्ट होती. एका मार्गशीर्षात एका शेतकऱ्याच्या चिपाडाच्या गंजीला आग लागली. गंज गेली, गुऱ्हाळघर गेलं, जळणाशिवाय उभा ऊस तोडून उपयोग नाही. आधीची उचल अंगावर. तो शाहूपुरीत आला आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. शेठनं नेहमीचा प्रश्न विचारला. त्याच्या मागं कुणी नव्हतं. भाऊबंद आधीच लांब झाले होते. तेव्हा आजोबा वहीतून मान न काढता म्हणाले, ‘मी हाय.’ शेठ हसला म्हणे. दिवाणजीचा पगार तो काय. पण उचल दिली. त्या शेतकऱ्यानं पुढच्या हंगामात निम्मी फेडली, त्याच्या पुढच्या हंगामात उरलेली, आणि मरेपर्यंत दर संक्रांतीला आमच्याकडे एक रवा येत राहिला.

ही गोष्ट आजोबा सांगत असले की आजी स्वयंपाकघरातून भांडी आपटे. खूप उशिरा, आजोबा गेल्यानंतर, तिनं तिची बाजू सांगितली. शेठ नुसता शब्दावर हसून पैसे देणाऱ्यातला नव्हता. त्याला तारण हवं होतं. ‘ह्यांनी मी हाय म्हटलं, आन् घरी येऊन माझ्या पाटल्या मागितल्या. दोन व्हत्या. परत आली एकच.’ दुसरीचं काय झालं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळलं असून तिनं सांगितलं नाही. ‘नाव त्यांचं, पाटली माझी,’ असं म्हणून ती मोठ्यानं हसली होती.

तेव्हापासून मला धाडसाच्या गोष्टी ऐकताना एक खोड लागली आहे. कुणी उडी मारली, कुणी पडून उठलं, कुणी आयुष्याचं सोनं केलं, असं ऐकलं की माझं लक्ष नायकावरून निसटतं आणि मी पाटली शोधायला लागतो. आपल्याकडे जोखीम म्हणजे एकट्याची छाती, असं सांगायची पद्धत आहे. माझ्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या कोल्हापूरच्या गोष्टी तपासल्या तर एकट्याची अशी एकही सापडत नाही.

बाबूराव पेंटरांचंच घ्या. नाटकांचे पडदे रंगवणारा सुतार-मिस्त्री घराण्यातला माणूस. मावसभाऊ आनंदरावांबरोबर सिनेमा काढायचं वेड घेतलं. परदेशी कॅमेरा परवडत नाही, तर घरीच बनवू म्हणाले. १९१६ साली आनंदराव गेले. दुसरा कुणी असता तर पुन्हा पडद्यांकडे वळला असता. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला आणि लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. इथवर सगळ्यांना पाठ आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, तिथे रिक्षावाले सुद्धा पाहुण्यांना हा इतिहास सांगतात. पण कंपनीला भांडवल कुणी दिलं? तानीबाई कागलकर या गायिकेनं. तिच्या नावाचा चौक मला माहीत नाही. गाणाऱ्या बाईनं आपली पुंजी काढून एका मिस्त्रीच्या हातच्या यंत्रावर लावायची, आणि तेही सिनेमा हा धंदा आहे की खेळ हे कुणाला ठाऊक नसताना, यात बाबूरावांपेक्षा कमी काळीज लागलं असेल असं मला वाटत नाही. उलट बाबूरावांना निदान आपले हात ठाऊक होते. तिला दुसऱ्याचे हात ओळखायचे होते.

याच बाबूरावांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला, कर्जापायी जमीन गमावून शहराकडे गेलेल्या शेतकऱ्याचा. तरुण शांताराम त्यात शेतकरी झाले होते. आजोबांच्या शेठनं तो पाहिला होता की नाही, कुणास ठाऊक. चार वर्षांनी, १९२९ साली, शांताराम, दामले, फत्तेलाल वगैरे मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी प्रभात काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनी पुढे फार टिकली नाही. बाबूराव पुन्हा रंगाकडे, शिल्पाकडे वळले. कुणी याला अपयश म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्यांना त्यांनी कॅमेऱ्यामागे उभं केलं, त्यांनी पुढे मराठी सिनेमा उभा केला.

आता गंगाराम कांबळे. ही गोष्ट कोल्हापुरात दहा तऱ्हांनी सांगतात, गाभा एकच. गंगाराम महाराजांच्या पागेत नोकर. मराठ्यांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला बेदम मारलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. आल्यावर गंगारामनं पाठ उघडी करून दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि मग गंगारामला नोकरीतून मोकळं केलं. का? तर स्वतःचा धंदा कर, म्हणून. पैसे दिले. गंगारामनं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल घातलं, नाव ‘सत्यसुधारक’.

हे धाडस नीट बघायला हवं. महाराजांनी पैसे दिले, ठीक. पण त्या काळात अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा भर रस्त्यावर विकायला बसायचं, म्हणजे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर रिकाम्या बाकांमध्ये उभं राहायचं. मार खाऊन झाल्यावर पुन्हा त्याच माणसांच्या वाटेवर. हॉटेल स्वच्छ होतं, चहा चांगला होता, गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा महाराज फिरायला निघाले की गाडी तिथे थांबवू लागले. चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि गाडीतल्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. राजानं घोट घेतल्यावर बाकीच्यांना कपाला हात लावावाच लागे. पुढे त्यांनी गंगारामला सोडा वॉटरचं यंत्रही घेऊन दिलं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला, त्यावर पुष्कळ लिहिलं जातं आणि जावंच. पण जाहीरनामा गॅझेटात छापून येतो. चहा रोज प्यावा लागतो.

आमच्या घरात या गोष्टीला एक शेपूट आहे. पणजोबांची गाडी त्या रस्त्यानं जायची. आजोबा म्हणायचे, ‘आमचा बा तिथं च्या प्याला न्हाई.’ लपवायचे नाहीत. तहान लागली तरी पुढे जाऊन दुसरीकडे प्यायचे. महाराजांनी प्यायला सुरुवात केल्यावर तरी प्याले का, असं मी खूपदा विचारलं. विचारलं की आजोबा गुळाचा भाव काढायचे.

गंगाराम पुढे अस्पृश्यांच्या चळवळीत होते. महाराज १९२२ साली, अवघ्या ४७ व्या वर्षी गेले. त्यांचं स्मारक व्हावं म्हणून धडपडणाऱ्यांत हा चहावाला पुढे होता. पाठीशी उभं राहणं असं दोन्ही बाजूंनी चालतं.

महाराज स्वतः मात्र एका मोठ्या जोखमीत मध्येच गेले. राधानगरीचं धरण. भोगावतीवर एवढा बांध घालायचा म्हणजे त्या काळच्या छोट्या संस्थानाला न पेलणारी गोष्ट, पैसा संपला, काम थांबलं, आणि भिंत अर्धवट असतानाच ते गेले. धरण पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. आता दर पावसाळ्यात राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले हे कोल्हापूरकर हवापाण्यासारखं विचारतात. ज्या उसावर शाहूपुरीची पेठ जगली त्याला पाणी त्या भिंतीचं. आजोबा धरणाला ‘म्हाराजांची उचल’ म्हणायचे, पुढच्यांनी फेडलेली.

१९४८ च्या जानेवारीअखेरीची गोष्ट घरात कमी सांगितली जायची. गांधीजींचा खून झाला आणि कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं-दुकानं पेटवली गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. शाहूपुरीतून धूर दिसत होता, एवढं आजी-आजोबा दोघंही सांगत. भालजींच्या ‘मीठ भाकर’ची फिल्म त्या आगीत गेली. त्यांनी तो सिनेमा पुन्हा काढला. पुन्हा तेच सेट, तेच प्रसंग, अंगावर कर्ज. त्यांच्या जिद्दीबद्दल बोलताना आजोबांचा आवाज चढायचा. पण पेठेतल्या माणसांनी त्या दोन-तीन दिवसांत काय केलं, असं विचारलं की आवाज उतरायचा. कुणी शेजाऱ्याला माळ्यावर लपवलं, कुणी आतून कडी घातली, कुणी हातात रॉकेलचा डबा घेतला. आमच्या घरानं यातलं नेमकं काय केलं यावर आजी-आजोबांचं एकमत नव्हतं, आणि आता विचारायला दोघंही नाहीत.

स्वातंत्र्यानंतर जोखमीचे हिस्से पडायला लागले, तेही कागदावर. साखर कारखान्यांचे शेअर निघाले. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार, ज्यांनी भूमिगत राहून संस्थानी राजवटीशी झुंज घेतली होती आणि नंतर घटना समितीत बसले, त्यांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा साखर कारखाना उभा केला. पलीकडे वारणेच्या माळावर तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणानगर वसवलं. शेतकऱ्यानं म्हैस विकून शेअर घ्यायचा आणि चिमणीतून धूर कधी येतो याची वाट बघत बसायची. एका शेठऐवजी हजार जामीन. कल्पना मोठी होती, आणि पुढे तिच्यातही गादीवर बसणारे निघाले, ते वेगळं. गंमत अशी की याच कारखान्यांनी गुऱ्हाळं खाल्ली. ऊस थेट कारखान्याला जाऊ लागला, गुळव्याची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली. गुळाचे सौदेही शाहूपुरीतून मार्केट यार्डात गेले. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा अजून होतो, कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, पण शाहूपुरीच्या गल्ल्यांतून आता इमारती, दवाखाने, मोबाइलची दुकानं. जुन्या गोदामांच्या जाड भिंती काही ठिकाणी तग धरून आहेत. पावसाळ्यात त्यांना पाझर फुटला की म्हातारी माणसं अजून म्हणतात, गूळ सुटला.

जोखीम मात्र पेठ सोडून गेली नाही. ती कुंभार गल्लीत जाऊन राहिली.

शाहूपुरीची कुंभार गल्ली जयंती नाल्याच्या बाजूला, सखल. पंचगंगा फुगली की नाला उलटा येतो आणि पाणी इथे शिरतं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. म्हणजे मूर्ती बनून, वाळून, रंगायला रांगेत उभ्या होत्या. मातीची मूर्ती पाण्यात बसली की पुन्हा माती होते, तिच्याशी वाद घालता येत नाही. प्लास्टरची उभी राहते, पण रंग उडतो, हात तुटतो, कोपऱ्यात चिखल बसतो. कुंभाराचं वर्षाचं गणित साधं असतं : उन्हाळ्यात कर्ज काढायचं, माती, प्लास्टर, रंग भरायचे, घरातल्या सगळ्यांनी चार-पाच महिने राबायचं, आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात सगळं वसूल करायचं. तो आठवडा बुडाला की वर्ष बुडालं. २०२० मध्ये कोरोना. जुलै २०२१ मध्ये पाणी आणखी वर, ५६ फुटांच्या पुढे.

त्या गल्लीत माझ्या ओळखीची एक मावशी आहे. सत्तरी ओलांडलेली, डोळे रंगवायचं काम अजून तिच्याकडेच असतं. गणपतीचे डोळे शेवटी रंगवतात. २०१९ चं पाणी उतरल्यावर मी गेलो, तेव्हा ती दारात बसून फळ्या धूत होती. आत भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागलो. तिनं मला हातानंच गप्प केलं आणि बादली पुढे सरकवली. फळ्या धुता धुता तिनं हिशोब सांगितला. तालमीच्या पोरांनी पहिल्याच रात्री कमरेएवढ्या पाण्यातून निम्म्या मूर्ती शाळेत नेऊन ठेवल्या. रंगवाल्यानं मागची बाकी न मागता पुन्हा डबे दिले. एका मंडळानं सांगितलं, ‘मूर्ती लहान द्या, पैसे ठरलेलेच घ्या.’ आणि पाहुण्यांपैकी काही जण फोन उचलेनात, तेही तिनं नावासकट सांगितलं. तिच्या मागं कोण होतं आणि कोण नव्हतं, याची तिच्याइतकी चोख खतावणी आजोबांचीही नव्हती.

‘मग जागा का बदलत न्हाईसा?’ मी विचारलं. तिनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे जरा नीट बघितलं. नवी जागा गावाबाहेर, तिथे गिऱ्हाईक कोण येणार, भट्टीला, वाळवणाला अंगण कुठलं, आणि पोरांनी उद्या पाण्यातून मूर्ती काढायला यायचं ते कुठल्या तालमीतून? ‘पाणी वर्षातनं एकदा येतं बाबा. माणसं रोज लागत्यात.’

२०२१ लाही ती त्याच जागी होती. यंदा जूनमध्ये सहज डोकावलो, तर आत शाडूचे साचे उघडत होते आणि नातू मोबाइलवर बंधाऱ्याची पातळी बघत होता. मावशीनं चहा दिला आणि विचारलं, ‘तुझी मूर्ती सांगितलीस का न्हाई?’ मी म्हटलं, अजून अवकाश आहे, श्रावणात बघू. ‘श्रावणात मग घरी गूळच पूज,’ ती म्हणाली. ‘पाचशे ठेव आत्ता. रंगवाल्याला द्यायच्यात.’ मी पाचशे ठेवले. तिनं वहीत नाव लिहिलं, खाली रेघ ओढली आणि बजावलं, की राहिलेले चतुर्थीच्या चार दिवस आधी, उशीर झाला तर मूर्ती दुसऱ्याला जाईल, मग ओळख सांगायला यायचं नाही.